विलंब क्षमापित व्हावा

मगदूम वकील म्हणाले, उशीर एकशे बारा दिवसांचा आहे,
दिवसागणिक खुलासा लागतो, बाळगोंडा.
मोघम चालत नाही.

मी काट्यावरचा माणूस.
एकवीस गळीत हंगाम
भरली गाडी आत घेतली, रिकामी बाहेर सोडली.
दोन्हींतला फरक म्हणजे ऊस, एवढंच माझं शास्त्र.
म्हटलं, घ्या लिहून.

पहिले नऊ दिवस पाकीट फोडलंच नाही.
पोस्टमन म्हणाला होता, बोनस दिसतोय,
आणि मीही हसून सही केली होती.
दहाव्या दिवशी सायकल स्टँडवर फोडलं,
'सेवेतून बडतर्फ' इथवर वाचलं.
खाली अपिलाची मुदत होती, तीस दिवस,
बारीक अक्षरात.

वकील म्हणाले, हे मुदतीतले दिवस, हे सोडा.
यांचं कुणी विचारत नाही.

मग नंतरचे.
सकाळी साडेसहाला राजमती डबा द्यायची.
कारखान्याकडे वळायच्या जागी मी हरिपूरच्या रस्त्याला लागायचो,
चिंचेखाली सायकल लावायचो.
रस्त्यानं उसाची एखादी ट्रॉली जायची,
मी टायर बघून मनात बोलायचो:
अठरा टन चारशे. ही बावीसला थोडी कमी.
पावती कुणाला फाडून देणार?
साडेबाराचा भोंगा इथवर ऐकू यायचा, वारा असला तर.
नसला तरी मी साडेबारालाच जेवायचो.
पगाराच्या तारखेला पतसंस्थेतून उचल घ्यायचो
आणि घरी मोजून द्यायचो.
बुधवारी मात्र घरी.
बुधवार माझी साप्ताहिक सुट्टी, ती मी चुकवली नाही.

आणि एकशे बारावा?
त्या रात्री राजमती सदरा धुवायला घेताना म्हणाली,
हल्ली याला मळीचा वास येत नाही.
एवढंच.
सकाळी डबा दोघांचा भरला
आणि मला घेऊन तुमच्याकडे आली.

वकिलांनी पेनाला टोपण लावलं.
हे पुरेसं कारण होत नाही.
याला दाखला कुणाचा जोडायचा, चिंचेचा?
कावीळ लिहू. मिरजेचे डॉक्टर ओळखीचे आहेत.
कोर्टाला कावीळ समजते.

बाहेर टाइपरायटरवर इनामदार वाट बघत बसलेला.
'सबब सदर विलंब क्षमापित व्हावा' त्यानं आधीच मारून ठेवलं होतं,
वर कारणापुरती सात ओळी जागा सोडून.
त्याच्या मशीनचा क्ष पायात तुटका उमटतो.

माझ्यावर आरोप काय, तर काट्याला हात लावला.
एक टन दोनशे किलो, एका रात्रपाळीत.
त्याची चौकशी चालली दोन वर्षं चार महिने,
कधी चौकशी अधिकारी रजेवर, कधी साक्षीदार लग्नाला,
कधी फाइलच सापडेना.
ते दिवस दिवसागणिक कुणाला विचारायचे
हे मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले,
तो मुद्दा वेगळा.

राजमती तोवर बाकावर गप्प होती.
ती उठली, इनामदारपाशी गेली, म्हणाली,
कावीळ नको. यांचे डोळे बघा, पांढरेशुभ्र आहेत.
आता तरी काट्याला बोट लावायचं नाही.
जे झालं ते लिहा.
ओळी कमी पडल्या तर पान जोडा.

इनामदारनं पान जोडलं.
चिंच आली, भोंगा आला, बुधवार आला.
मळीचा वास वकिलांनी खोडला, तिनं पुन्हा घालायला लावला.

आज पहिली तारीख होती.
पुकारा झाला, मी उभा राहिलो, डबा पिशवीतच होता.
साहेबांनी अर्ज चाळला. जोडलेल्या पानावर
थांबल्यासारखे वाटले, की चष्मा पुसत होते?
मग कारखान्याचे वकील उठले,
म्हणाले, आमचं म्हणणं तयार नाही,
मुदत मिळावी.

कारण कुणी विचारलं नाही.
मिळाली.